दोन बिड्यांचं अंतर

इसरू कोवे यांना वय विचारलं की ते "अराउंड फॉर्टी-फाइव्ह" असं सांगतात. यात त्यांचा फारसा दोष नाही. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा त्यांच्या आईनं मास्तरांना सांगितलं होतं, मोठा पूर आला त्याच्या पुढच्या धानकापणीला हा झाला. मास्तरांनी हिशेब न करता एक जुलै लिहून टाकलं. आमच्या करंजटोल्यात निम्मं गाव एक जुलैला जन्मलेलं आहे, त्यामुळे वयाचं सोडून देऊ. पण घरात माणसं किती, असं विचारल्यावर "मोर ऑर लेस चार" म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकदा मी विचारलंच, की कमी असलं तर कोण कमी आणि जास्त असलं तर कोण जास्त? ते हसले आणि म्हणाले, पाहुणा येऊन राह्यला तर?

मी मंजुषा. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवते, दाखले काढून देते आणि संध्याकाळी सहाला भोंग्यावरून गावाला सूचना वाचून दाखवते. कॉम्प्युटरच्या चौकोनात 'अराउंड' लिहिता येत नाही. तिथे आकडा लागतो, नाहीतर तो पुढे सरकत नाही. मीही जरा तशीच आहे. त्यामुळे इसरूभाऊंच्या या बोलण्याचा मला राग यायचा, उगाच खोटं कशाला सांगू. किती वाजता याल तर अबाउट दहा. पोतं किती किलोचं तर समथिंग लाइक चाळीस. ताप किती होता तर ऑलमोस्ट शंभर. आपल्या भाषेत काय कमी शब्द आहेत का? दहा-बारा आहे, शंभरेक आहे, अदमासे आहे, उन्नीस-बीस आहे. पण नाही. मराठी माणूस मराठी बोलता बोलता आकडा आला की साहेब होणार.

हे त्यांना कुठे लागलं तेही सांगते. वाघ बघायला लोक येतात त्या जंगलाच्या गेटाबाहेर एक रिसॉर्ट होतं. तिथे ते नऊ वर्षं होते. आधी भांडी घासली, मग बागेला पाणी घातलं, आणि मग जंगल पायाखालचं म्हणून त्यांना गाईड केलं. गाईड लोकांना इंग्रजी शिकवायला चंद्रपूरहून आयशा मॅडम दहा दिवस येत होत्या. इसरूभाऊ नववीत इंग्रजीतच नापास झालेले. वर्गात ते मागच्या भिंतीला टेकून बसायचे आणि आपल्याला काही विचारू नये म्हणून खाली बघायचे. सहाव्या दिवशी मॅडमनी फळ्यावर सात-आठ शब्द लिहिले. अबाउट, अराउंड, रफली, मोर ऑर लेस, ऑर सो. म्हणाल्या, पाहुण्यांसमोर नुसता आकडा ठेवायचा नाही, त्याला आधी अंगभर कपडा घालायचा. इसरूभाऊंनी ते सगळे शब्द एका संध्याकाळात पाठ केले. भित्र्या माणसाला दाराची कडी सापडावी तसं त्यांना झालं.

तरी एकदा विसरले. नागपूरचं एक कुटुंब होतं, लहान मुलं होती. मुलांनी फार हट्ट केला म्हणून हे बोलून गेले, साडेचारला वाघीण पाण्यावर येते. वाघिणीला कोणी सांगितलं नव्हतं. ती आली नाही. त्या गृहस्थांनी रिसॉर्टच्या वहीत लांबलचक तक्रार लिहिली आणि इसरूभाऊंना पंधरा दिवस घरी बसवलं. परत गेले ते शहाणे होऊन. ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "नुसता आकडा बोललो ना मंजुषाबाई, तिथी फसलो. आकडा पकडून ठेवते माणसाले."

पुढे रिसॉर्ट बंद पडलं. ते गावात परतले, दोन एकर धान करू लागले. वनखात्यानं गावागावांत गावकऱ्यांचंच एक दल उभं केलं, वाघाची खबर ठेवायला आणि गर्दी आवरायला. त्यात इसरूभाऊंचं नाव आपोआप आलं. एक टी-शर्ट मिळाला, शिट्टी मिळाली, काठी आणि टॉर्च मिळाली. दिवसभर कोणी काय पाहिलं, कुठे पावलं दिसली, कुठे ढोरं बिथरली, हे गोळा करायचं आणि संध्याकाळी मोबाईलच्या ग्रुपवर टाकायचं, हे त्यांचं काम. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्यासाठी तो मेसेज मी भोंग्यावर वाचायची. तेही काम त्यांनी मन लावून केलं, हे मला मान्य करावंच लागेल.

यंदा माघात एक वाघीण दोन पिल्लं घेऊन आमच्या बाजूला आली. होळीच्या आधी शेजारच्या गावातला एक माणूस बांबू आणायला गेला आणि परत आला नाही. त्याचं काय सापडलं ते मी लिहिणार नाही. मात्र त्यानंतर आमचं गाव बदललं. दिवस कलला की दारं लागायची. परसात जायचं तर दोघीतिघी मिळून, थाळी वाजवत. शाळा सुटली की पोरांना दोरीला धरून ओळीनं घरी आणायचे. कुत्री भुंकली की भीती वाटायची आणि गप्प झाली की त्याहून जास्त. ऑफिसपासून माझं घर शंभर पावलांवर आहे, पण ती शंभर पावलं मी मोठमोठ्यानं फोनवर बोलत जायची, फोन बंद असला तरी. जंगलाच्या बाजूला वाघाचं नावच कोणी घेत नव्हतं. 'ते जनावर' म्हणायचे, तेही आवाज खाली करून.

आणि त्यातच मोह पडायला लागला. मोह कोणासाठी थांबत नाही. वीस-पंचवीस दिवस पहाटे फुलं गळतात, आणि ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर हरणं, अस्वलं, गावच्या शेळ्या संपवतात. आमच्याकडे घरागणिक झाड ठरलेलं असतं. ते कुठल्या कागदावर नाही, पण दुसरीच्या झाडाखाली कोणी टोपली घेऊन बसत नाही. आमची मोहाची झाडं गावाच्या पूर्वेला, बोडीच्या पाळीपलीकडे आहेत. बोडी म्हणजे आमचा लहान तलाव, पाळ म्हणजे त्याचा बांध. मोहांतलं शेवटचं झाड, नाल्याच्या सगळ्यात जवळचं, इसरूभाऊंच्या घरचं. त्यांच्या आईनंतर ते त्यांच्या बायकोकडे, वच्छलाबाईंकडे आलं.

खात्यानं नियम घालून दिला होता. सूर्य उगवल्याशिवाय जायचं नाही, एकटीनं जायचं नाही, आणि वाघीण दीड किलोमीटरच्या आत असेल तर अजिबात जायचं नाही. खाली वाकून वेचणारी बाई जनावराला बाई दिसत नाही, एखादं हरीण दिसतं, असं वनरक्षक दर वेळी सांगायचे. म्हणून बाया संध्याकाळी कामं टाकून भोंग्याकडे कान लावून बसायच्या. जायचं की नाही ते त्या मेसेजवर ठरायचं.

त्या बुधवारी दसरूदादा पाच-साडेपाचला ढोरं घेऊन परतले. दसरूदादा आमचे ढोरकी, गावची गुरं तेच चारतात. साठी उलटली आहे, बोलणं अगदी कमी. त्यांनी इसरूभाऊंना सांगितलं, नाल्यावरच्या जांभळांच्या झाडीत ताजी पावलं आहेत, एक मोठं, दोन लहान. नाला लांब आहे आणि जांभळांची झाडी त्यावर चार ठिकाणी आहे, म्हणून इसरूभाऊंनी विचारलं, गावापासून किती? दसरूदादा म्हणाले, "दोन बिड्या."

बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. पण आमच्याकडे अंतर असंच सांगतात. हाकेवर आहे, दोन हाकांवर आहे, एका बिडीवर आहे. एक बिडी पेटवून चालायला लागलं आणि ती संपली की जेवढं चालणं झालं ते एक बिडीचं अंतर. बिडी मध्ये विझते, पुन्हा पेटवतात, त्यामुळे पुष्कळ टिकते. यात कोणी फसत नाही, कारण सांगणारा कोण आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. म्हाताऱ्याची बिडी वेगळी, पोराची वेगळी.

इसरूभाऊ लांब टांगांचा माणूस. गाईड असताना त्यांनी कधीतरी मोजलं होतं, आपल्या एका बिडीत एक किलोमीटर होतो. तेवढा त्यांनी भागाकार-गुणाकार केला आणि मेसेज टाकला, की वाघीण पिल्लांसह नाल्यावर आहे, गावापासून अराउंड दोन किलोमीटर, मोर ऑर लेस.

सहाला मी माईकसमोर बसले. त्यांचे मेसेज मी नेहमी झाडून-पुसून वाचायची. भोंग्यावर 'मोर ऑर लेस' म्हटलं की पोट्टे चौकात नकला करत हिंडायचे, आणि मलाही ते शब्द तोंडात घ्यायला लाज वाटायची. मी स्वच्छ आवाजात वाचलं, "वाघीण गावापासून दोन किलोमीटर लांब आहे. ज्यांना मोह वेचायला जायचं आहे त्यांनी सूर्य उगवल्यावर गटानं जावं." दोनदा वाचलं, जसं नेहमी वाचते.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाच बाया गेल्या. वच्छलाबाई त्यात होत्या. लुगड्यावर इसरूभाऊंचा जुना शर्ट चढवलेला, डोक्यावर टोपली. मी पंचायतीसमोरच्या हातपंपावर पाणी भरत होते, त्यांना जाताना मी पाहिलं. इसरूभाऊ त्या दिवशी भल्या पहाटेच येऊन पंचायतीच्या पायऱ्यांवर बसले होते. हातात चहाचा गिलास होता. मी म्हटलं, आज काय एवढ्या लवकर? तर म्हणाले, असंच.

बाया जाऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल. दसरूदादा ढोरं घेऊन निघाले. मातामायच्या देवळाशी त्यांनी बिडी पेटवली आणि रस्त्याला लागले. पुढे तीस-बत्तीस ढोरं. एक गाय हौदाशी थांबली, दादा थांबले. एक गोऱ्हा कोणाच्या तरी कुंपणात शिरला, दादा त्याला हाकलून आले. बिडी विझली, पुन्हा पेटवली. आमच्या गावच्या रस्त्यानं विजेचे खांब आहेत. मी तिसऱ्या खेपेची बादली भरता भरता सहज पाहिलं तर इसरूभाऊ त्या खांबांकडे बघत होते. दादा पहिल्या खांबाशी, मग दुसऱ्या. सातव्या खांबाशी, शाळेजवळ, दादांनी बिडीचं थोटूक टाकलं आणि पायानं चिरडलं.

इसरूभाऊंनी गिलास पायरीवर ठेवला आणि ते धावत गेले. काहीतरी बिनसलंय हे मला त्यांच्या धावण्यावरून कळलं, म्हणून मीही बादली तशीच सोडून मागे गेले.

"दसरूदादा, कालच्या दोन बिड्या, त्या ढोरं घेऊन का एकट्याच्या?"

दादांनी त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "ढोरं घेऊनच ना बापा. मी कवा एकटा चाललो?"

इसरूभाऊ उभ्या उभ्या बोलायला लागले, आमच्याशी नव्हे, स्वतःशी. एका खांबापासून दुसरा पन्नास मीटर. सात खांब म्हणजे साडेतीनशे. दोन बिड्या म्हणजे सातशे. बोडीची पाळ गावापासून पाचशे. सातशेवर मोहाची झाडं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं. नाल्यावर जांभळांची झाडी चार ठिकाणी आहे. दसरूदादा त्यातल्या पहिल्याच झाडीबद्दल बोलत होते, वच्छलाबाईंच्या झाडासमोरच्या.

बायांकडे फोन नव्हते. असते तरी पाळीपलीकडे रेंज नाही. इसरूभाऊंनी वनरक्षकांना फोन लावला. पलीकडून बायांची संख्या विचारली असावी. इसरूभाऊ म्हणाले, "पाच." मग अंतर विचारलं असावं. "सातशे मीटर, साहेब. सातशे." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून उघडा आकडा मी प्रथमच ऐकला, आणि तो ऐकून मला जास्त भीती वाटली.

साहेबांना यायला चाळीस मिनिटं लागणार होती. आम्ही मिळतील तेवढे निघालो, नऊ माणसं. काठ्या, दोन पत्र्याचे डबे. इसरूभाऊ मला म्हणाले, तुमी येऊ नका. मी ऐकलं नाही. मी शूर नाही. पण ती सूचना मी वाचली होती आणि घरी बसून वाट बघणं मला जमलं नसतं.

कोणीतरी डबा वाजवायला हात उचलला. इसरूभाऊंनी तो धरला. ते हळू आवाजात म्हणाले, की डबा वाजवला तर जनावर उठणार, पिल्लं जवळ असली तर बिथरणार, आणि आपल्यात अन् त्याच्यात वच्छला आहे. आधी पाळीवर चला, बाया कुठे आहेत ते कळू द्या. आम्ही तोंड मिटून पाळीवर चढलो.

मोह वेचताना बायांची एक रीत आहे. झाडं लांब लांब असतात, एकमेकी दिसत नाहीत. म्हणून थोड्या थोड्या वेळानं पहिली बाई 'कूऽ' करते, मग दुसरी, मग तिसरी, ओळीनं शेवटपर्यंत. त्यावरून सगळ्या आहेत हे कळतं. आम्ही पाळीवर उभे राहून ऐकत होतो. पहिली हाक आली. दुसरी आली. तिसरी, चौथी. मग काही नाही. एक धनेश पक्षी ओरडून गेला. मी मनात म्हणत होते, पाणी पीत असतील, टोपली रिकामी करत असतील, पदर बांधत असतील.

पुन्हा हाका सुरू झाल्या. एक, दोन, तीन, चार.

इसरूभाऊ खाली बसले. गुडघ्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले, आणि मला वाटलं आता हे उठणार नाहीत. मग उठले. दोन माणसांना त्यांनी चार बायांना आणायला पाठवलं, खुणेनं, न ओरडता. बाकीच्यांना घेऊन पाळीच्या टोकाला गेले. पाळ तिथे नाल्याकडे वळते आणि शेवटचं झाड पस्तीसेक पावलांवर दिसतं.

वच्छलाबाई उभ्या होत्या. एक खांदा बुंध्याला टेकलेला, टोपली पोटाशी दोन्ही हातांनी धरलेली. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्या नजरेच्या दिशेनं मी पाहिलं तर आधी काहीच दिसलं नाही, वाळका पाला आणि जांभळांची सावली. मग त्या सावलीत एक कान हलला. तिथे वाघीण होती, बसलेली, मान वर करून. मधल्या मोकळ्या जागेत एक पिल्लू वच्छलाबाईंच्या पाण्याच्या बाटलीशी खेळत होतं. पंजानं ढकलायचं आणि दचकून मागे व्हायचं. वाघीण आणि वच्छलाबाई दोघी त्या पिल्लाकडे बघत होत्या. नंतर मोजलं, झाडापासून वाघिणीची जागा तीस पावलांवर होती.

इसरूभाऊ एकटे दहा पावलं पुढे गेले. आम्हाला त्यांनी खुणेनं ओळीत उभं केलं. मग बोलू लागले. ओरडून नाही, चुलीजवळ बसून बोलावं तशा आवाजात.

"वच्छला, मी आलो. पयू नको. पाठ दाखवू नको. नजर तिच्यावरच ठेव."

वच्छलाबाईंनी मान हलवली नाही, पण त्यांची बोटं टोपलीवर हलली.

"आता डावा पाय मागं. एक. थांब. आता दुसरा. दोन. थांब."

असे ते मोजत राहिले. प्रत्येक आकड्यानंतर थांबायचे, जनावराकडे बघायचे, मग पुढचा आकडा. पाचाला पिल्लानं मान वर केली. नवाला वाघीण उठून उभी राहिली आणि गुरगुरली. तो आवाज मी कानानं ऐकला असं मला आठवत नाही, पायांतून वर आला. माझ्या शेजारच्या माणसानं माझा दंड धरला आणि मी त्याचा. इसरूभाऊंचा आवाज मात्र तसाच राहिला. दहा. थांब. अकरा. मला वाटतं तो आवाज बंद पडला असता तर वच्छलाबाई पळाल्या असत्या, आणि पळाल्या असत्या तर संपलंच होतं. बाराला पिल्लू दुडक्या चालीनं आईकडे गेलं. दुसरं झाडीत असावं. वाघीण तिथेच उभी राहिली.

तेविसाव्या पावलाला इसरूभाऊंनी हात पुढे केला आणि वच्छलाबाईंच्या शर्टाची बाही धरली. तसेच दोघं मागे मागे आमच्यापर्यंत आले. मग सगळ्यांनी एकदम डबे वाजवले, आरोळ्या ठोकल्या. वाघीण घाई न करता वळली आणि झाडीत गेली.

घरी येईपर्यंत वच्छलाबाईंनी टोपली सोडली नाही. अंगणात कापड पसरून त्यांनी त्यातली फुलं वाळत घातली, हातानं सारखी केली. इसरूभाऊ शेजारी बसून लहान मुलासारखे रडले.

वनरक्षकांनी चौकशी केली तेव्हा चौकात सगळ्यांसमोर इसरूभाऊ उभे राहिले. म्हणाले, चूक माझी एकट्याची आहे. दसरूदादांची बिडी मी माझी बिडी धरली. कोणी त्यांना फार बोललं नाही, त्यांची अवस्थाच तशी होती. मी गर्दीत मागे उभी होते. मला वाटलं, त्यांनीच चूक कबूल केली आहे, ते बरोबरच आहे. त्या 'अराउंड'मुळे एक दिवस काहीतरी होणार हे मी आधीच सांगत नव्हते का? दोन दिवस मी हे येईल त्याला ऐकवलंही.

आता इसरूभाऊ गाठी मारलेला दोर घेऊन हिंडतात. पावलं दिसली की तिथून गावापर्यंत दोरानं मोजतात, एकटे, उन्हातान्हात. मोजणं झालं नसेल तर मेसेजमध्ये सरळ लिहितात, ठाऊक नाही. 'ठाऊक नाही' आलं की त्या दिवशी कोणी जात नाही, आणि मोह तिथेच पडून वाळतो. बाया त्यांना त्यावरून बोलतात. ते ऐकून घेतात.

चौथ्या दिवशी दुपारी वच्छलाबाई ऑफिसात आल्या. त्यांना रहिवासी दाखला हवा होता. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. प्रिंटर गरम होईपर्यंत मी जरा समजुतीच्या सुरात म्हटलं, की वच्छलाबाई, इसरूभाऊंवर आता राग ठेवू नका, झालं ते झालं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"त्यायच्यावर कायचा राग? वीस वर्सं झाले, त्यायचा एक आकडा मी खरा नाई धरला. त्या सांजी ते मले म्हणून राह्यले होते, अराउंड हाय वच्छला, पक्कं नाई, उद्या राहू दे. मीच भांडली. म्हटलं, मंजुषानं भोंग्यावर दोन सांगतलं, त्यात अराउंड नव्हतं. मी तुह्या आवाजावर गेली पोरी."

प्रिंटरमधून कागद बाहेर आला. मला तो उचलायचं सुचेना. इसरूभाऊंनी चौकात हे सांगितलं नव्हतं. त्या सकाळी ते भल्या पहाटे येऊन पायऱ्यांवर का बसले होते आणि दादांच्या बिडीबरोबर खांब का मोजत होते, तेही मला तेव्हाच कळलं. वच्छलाबाईंनी स्वतःच कागद घेतला, घडी करून बटव्यात ठेवला. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आज सांजी काय वाचनार हायेस? उद्या जाऊ का नाई?"

मी मोबाईलवर ग्रुप उघडला. त्या गेल्या. पावणेसहा झाले तरी मी माईकसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि इसरूभाऊंचा मेसेज अजून आला नव्हता.